ताऱ्यांमधल्या पोकळीचा हिशेब

हिवाळ्याच्या रात्री पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आले की त्याच्या पोटात रुतलेला बाण लहान मुलेही ओळखतात. एका ओळीतल्या तीन ताऱ्यांचा हा बाण. त्यांतला जो तारा सर्वांत आधी उगवतो त्याचे पाश्चात्त्य नाव मिंटाका. नुसत्या डोळ्यांना तेथे एकच तारा दिसतो. प्रत्यक्षात तेथे एकापेक्षा अधिक तारे आहेत आणि त्यांतली एक जोडी एकमेकांभोवती ५.७ दिवसांत फेरी पूर्ण करते. या जोडीच्या प्रकाशात १९०४ साली एक विचित्र रेषा सापडली. ताऱ्यांच्या मधल्या जागेचा अभ्यास या एका रेषेपासून सुरू झाला.

दोन ताऱ्यांच्या मध्ये काय असते, असे वर्गात विचारले तर 'काही नाही' किंवा 'पोकळी' असे उत्तर येते. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही. आपल्या भोवतालच्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. ताऱ्यांमधल्या जागेत तेवढ्याच आकारमानात सरासरी एखादा अणू सापडतो. तरीही तेथील अणू कोणते आहेत, किती आहेत, किती वेगाने चालले आहेत आणि किती तापलेले आहेत, हे आपल्याला सांगता येते. ते कसे सांगता येते आणि हा हिशेब मांडल्यावर जी मोठी तूट दिसली तिचा अर्थ काय, ते या लेखात पाहू.

न हलणारी रेषा

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा विवर्तन जाळीतून नेला की तो रंगांच्या पट्ट्यात पसरतो. हा वर्णपट. त्यात जागोजागी काळ्या रेषा असतात. तप्त ताऱ्याच्या बाहेरच्या थरातील अणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढ्या जागी प्रकाश कमी पडतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या, त्यामुळे रेषेवरून मूलद्रव्य ओळखता येते.

ही गोष्ट विद्यार्थ्यांना दाखवणे अवघड नाही. महाविद्यालयाच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत पिवळ्या प्रकाशाचा सोडियम दिवा असतो. त्याच्यासमोर स्पिरिटचा दिवा पेटवून ज्योतीत चिमूटभर मीठ धरावे आणि मागे पांढरा कागद उभा करावा. ज्योतीची काळसर सावली कागदावर पडते! साध्या विजेच्या दिव्यासमोर हीच ज्योत ठेवली तर अशी सावली दिसत नाही. मिठातून सुटलेले सोडियमचे अणू नेमका सोडियमचाच पिवळा प्रकाश अडवतात आणि तो चहूबाजूंना विखरून टाकतात. कागदाच्या दिशेला त्यातला थोडाच पोचतो. ताऱ्यांमधला वायूही याच रीतीने सावली पाडतो. फक्त ती सावली एका अरुंद रेषेएवढी असते.

आता मिंटाकाकडे वळू. तारा आपल्याकडे येत असला की त्याच्या रेषा वर्णपटात निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असला की तांबड्या बाजूला. हा डॉप्लर परिणाम. जोडताऱ्यात तारा आलटून पालटून जवळ येतो आणि दूर जातो, म्हणून त्याच्या रेषा झोपाळ्यासारख्या मागेपुढे होतात. जर्मनीतील पॉट्सडाम वेधशाळेत योहानेस हार्टमान हे झोके मोजत होते. त्यांना आढळले की ३९३४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची कॅल्शियमची रेषा या झोक्यात भागच घेत नाही. ती एका जागी स्थिर आहे आणि इतर रेषांच्या मानाने फार बारीक आहे. (एका सेंटिमीटरचे १० कोटी भाग केले की एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.) झोपाळ्यावरच्या मुलाच्या सदऱ्याची सगळी बटणे त्याच्याबरोबर हलत असताना एकच बटण हवेत स्थिर दिसले, तर ते बटण त्या सदऱ्याचे नाही एवढे नक्की. हार्टमान यांनी तसाच निष्कर्ष काढला : हे कॅल्शियम ताऱ्यातले नाही, तारा आणि आपण यांच्या मध्ये कोठेतरी आहे. १९१९ मध्ये मेरी ली हेगर यांना लिक वेधशाळेत सोडियमच्याही अशाच स्थिर रेषा सापडल्या.

पण मध्ये म्हणजे कोठे? ताऱ्याभोवतीच एखादा ढग असेल तर? या शंकेचे उत्तर कॅनडातील व्हिक्टोरिया येथील वेधशाळेत प्लास्केट आणि पिअर्स यांनी १९३०च्या सुमारास दिले. आपली आकाशगंगा फिरते आणि तिचे निरनिराळे भाग निरनिराळ्या गतीने फिरतात. त्यामुळे तारा जितका लांब तितका त्याचा आपल्या सापेक्ष वेग, सरासरीने पाहता, वाढत जातो. ताऱ्यांच्या स्वतःच्या रेषांमध्ये हा परिणाम जेवढा दिसला, त्याच्या जवळजवळ निम्मा कॅल्शियमच्या स्थिर रेषांमध्ये दिसला. वायू ताऱ्यापाशी असता तर परिणाम पूर्ण दिसला असता, आपल्यापाशी असता तर शून्य. निम्मा याचा अर्थ वायू वाटभर पसरलेला आहे. पुढे १९३६ मध्ये बील्स यांना मृगातील ताऱ्यांच्या प्रकाशात एकाऐवजी दोन जवळजवळच्या रेषा दिसल्या, आणि १९४९ पर्यंत वॉल्टर अॅडम्स यांनी सुमारे ३०० ताऱ्यांचे वर्णपट तपासून अशी अनेक उदाहरणे दिली. म्हणजे वायू सारखा पसरलेला नसून त्याचे वेगवेगळ्या वेगांनी चाललेले ढग आहेत, आणि प्रत्येक ढग आपली स्वतंत्र रेषा उमटवतो.

दृश्य प्रकाश अपुरा का पडतो?

येथवरचे सगळे काम डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात झाले. पण त्यात एक मोठी अडचण होती. ताऱ्यांमधल्या वायूत सर्वाधिक अणू हायड्रोजनचे. त्याखालोखाल हेलियम, मग ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजन. यांच्यापैकी एकाचीही ठळक रेषा दृश्य प्रकाशात मिळत नव्हती. मिळत होते ते कॅल्शियम, सोडियम आणि आणखी मोजकी नावे.

कारण अणूच्या रचनेत आहे. अणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहू शकतो, जणू शिडीच्या पायऱ्यांवर. ताऱ्यांमधला वायू इतका विरळ आणि बहुतेक ठिकाणी इतका थंड असतो की जवळजवळ सर्व अणू सर्वांत खालच्या पायरीवर असतात. त्यामुळे त्यांना शोषता येतो तो फक्त खालच्या पायरीवरून वर नेणारा प्रकाश. सोडियमची पहिली उडी २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणून तिला पिवळा प्रकाश पुरतो. हायड्रोजनची पहिली उडीच १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची आहे. दृश्य प्रकाशाच्या एका कणात जास्तीत जास्त तीनच्या आसपास इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. या उडीला १२१६ अँगस्ट्रॉमचा अतिनील प्रकाश लागतो. ऑक्सिजनची १३०२ची रेषा, कार्बनच्या आयनाची १३३५ची, लोहाच्या आयनाच्या २२५० ते २६०० या पट्ट्यातील रेषा, मॅग्नेशियमच्या २८००च्या आसपासच्या, सगळ्या अतिनीलच.

सोडियम आणि कॅल्शियम दिसतात खरे, पण तेही अर्धवट. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश सोडियमच्या बहुतेक अणूंचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. कॅल्शियमचे तर पुष्कळदा दोन जातात. दृश्य प्रकाशात आपल्याला दिसतो तो उरलासुरला हिस्सा. त्यावरून एकूण आकडा काढायचा म्हणजे शाळेच्या फाटकाशी रेंगाळणाऱ्या चार मुलांवरून पटसंख्या ठरवण्यासारखे आहे. याउलट लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, जस्त ही मूलद्रव्ये हायड्रोजनच्या ढगात बहुतांशी एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्थितीत असतात, आणि नेमक्या त्याच स्थितीच्या रेषा अतिनील भागात आहेत. तेथे मोजणी केली की जवळजवळ पूर्ण पट हजर असतो.

मात्र ३००० अँगस्ट्रॉमच्या खालचा प्रकाश आपल्या वातावरणातील ओझोन आणि ऑक्सिजन जमिनीपर्यंत येऊ देत नाहीत. आपल्या जिवाच्या दृष्टीने हे उत्तमच. पण या वायूचा अभ्यास करायचा तर वातावरणाच्या वर जाण्यावाचून मार्ग नव्हता. दुसऱ्या टोकाला ९१२ अँगस्ट्रॉमची सीमा आहे. तिच्या खालचा प्रकाश हायड्रोजनच गिळतो. या दोन सीमांमधली खिडकी हेच आपले कामाचे क्षेत्र.

अग्निबाण, कोपर्निकस आणि पुढे

१९७० मध्ये जॉर्ज कॅरुथर्स यांनी एका अग्निबाणातून पाठवलेल्या उपकरणाने ययाती तारकासमूहातील एका तप्त ताऱ्याचा वर्णपट घेतला. त्या काही मिनिटांच्या उड्डाणात आंतरतारकीय हायड्रोजनचा रेणू पहिल्यांदा सापडला. त्या दिशेच्या हायड्रोजनपैकी जवळजवळ निम्मा रेणुरूपात होता. विश्वातला सर्वांत विपुल रेणू तोपर्यंत फक्त अंदाजात होता.

पुढचे मोठे पाऊल कोपर्निकस उपग्रहाचे. २१ ऑगस्ट १९७२ रोजी तो अमेरिकेने सोडला. त्यावर ८० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण होती आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचा वर्णपटमापक. त्याचे प्रमुख लायमन स्पिट्झर. अवकाशात दुर्बीण ठेवावी हा विचार त्यांनी १९४६ मध्येच, एकही उपग्रह उडालेला नसताना मांडला होता. कोपर्निकसने जवळजवळ नऊ वर्षे काम केले. थंड ढगांबरोबरच पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या रेषाही त्याने दाखवल्या. ऑक्सिजनची अशी अवस्था होण्यास सुमारे तीन लाख अंश तापमान लागते. म्हणजे ताऱ्यांमधल्या जागेत शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश सेल्सियसचे थंडगार ढगही आहेत आणि लाखो अंशांचा अतिविरळ वायूही.

त्यानंतर १९७८ ते १९९६ या काळात आयूई उपग्रहाने, १९९० पासून हबल दुर्बिणीने आणि १९९९ ते २००७ या काळात फ्यूज उपग्रहाने हे काम पुढे नेले. या सर्वांनी मुख्यतः निळसर, तप्त तारे निवडले. असे तारे अतिनील भागात प्रखर असतात. शिवाय त्यांतले अनेक स्वतःभोवती वेगाने फिरतात. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या रेषा पसरट आणि उथळ होतात आणि मधल्या वायूच्या बारीक रेषा त्यांवर स्वच्छ उठून दिसतात.

बारकाईने पाहण्याची गरज

रेषा दिसली म्हणजे काम संपले असे नाही. अणू मोजायचे आहेत. येथे वर्णपटमापकाची विभेदनक्षमता, म्हणजे अगदी जवळच्या दोन तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची ताकद, निर्णायक ठरते.

खिडकीला एक पातळ पडदा लावला तर उजेड थोडा कमी होतो, दुसरा लावला की आणखी कमी होतो. पण दहा पडद्यांनंतर खोलीत काळोखच असतो. मग अकरावा लावला की नाही, हे काळोखावरून सांगता येत नाही. रेषेचेही तसेच आहे. ती पूर्ण काळी झाली की आणखी अणू आले तरी तिच्यात फारसा फरक पडत नाही. आता वर्णपटमापक कमी ताकदीचा असला तर अरुंद, पूर्ण काळी रेषा पसरून उथळ आणि करडी दिसते. पाहणाऱ्याला वाटते की अणू थोडे आहेत. प्रत्यक्षात ते दसपट असू शकतात.

यावर दोन उपाय आहेत. एक, त्याच आयनाच्या कमी ताकदीच्या रेषा वापरायच्या. उदाहरणार्थ लोहाची २३८२ची रेषा जबरदस्त आहे, तर २२५० आणि २२६१च्या रेषा अगदी दुबळ्या. जेथे जोरदार रेषा काळी पडते तेथे दुबळी रेषा अजून मोजण्यालायक असते. दुसरा उपाय म्हणजे विभेदनक्षमता वाढवणे. कोपर्निकसला १००० अँगस्ट्रॉमच्या जवळ ०.०५ अँगस्ट्रॉमचा फरक ओळखता येत असे. वेगाच्या भाषेत हा फरक सेकंदाला १५ किलोमीटरचा. हबलवरील गोडार्ड वर्णपटमापकाची क्षमता सेकंदाला सुमारे ३.५ किलोमीटर होती, म्हणजे २००० अँगस्ट्रॉमपाशी ०.०२३ अँगस्ट्रॉम. तरंगलांबीत ८५,००० भागांत एका भागाचा फरक ओळखायचा! १९९७ मध्ये त्याच्या जागी आलेल्या स्टिस या उपकरणाची क्षमता याहूनही चांगली आहे.

याचा उपयोग काय झाला, ते एका ताऱ्याच्या उदाहरणाने पाहू. उन्हाळ्याच्या रात्री वृश्चिकातील तांबड्या ज्येष्ठाच्या उत्तरेस भुजंगधारी तारकासमूह दिसतो. त्यातील झीटा हा तारा सुमारे ४०० प्रकाशवर्षे दूर आहे आणि सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने स्वतःभोवती गरगरतो. आंतरतारकीय वायूचे अभ्यासक त्याला नमुन्याचा तारा मानतात. त्याच्या वाटेवरील सर्व हायड्रोजन एकत्र केला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे जेवढे अणू होतात, तेवढे रेणू आपल्या हवेच्या जेमतेम अर्ध्या मीटर लांबीच्या स्तंभात असतात. चारशे प्रकाशवर्षांची वाट आणि अर्धा मीटर हवा!

या वाटेवर दोन मुख्य ढग आहेत. त्यांच्या वेगांत फरक आहे तो सेकंदाला सुमारे १२ किलोमीटरचा. कोपर्निकसला ते नीट वेगळे करता येत नव्हते. हबलने ते वेगळे केले, तेव्हा एक ढग थंड आणि दाट, दुसरा उबदार आणि विरळ असल्याचे स्पष्ट झाले. दोघांची मूलद्रव्ये आता स्वतंत्रपणे मोजता आली.

हरवलेले लोह

सूर्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे लोहाचे सुमारे ३२ अणू आहेत. आकाशगंगेतील आपल्या परिसरात तारे आणि वायू एकाच साठ्यातून घडत असल्याने ढगांतही साधारण हेच प्रमाण अपेक्षित आहे. झीटाच्या वाटेवरील थंड ढगात मात्र लोह अपेक्षेच्या दोनशेव्या हिश्श्याएवढेच भरले. साठ लाख हायड्रोजनमागे लोहाचा एक अणू! कॅल्शियमची तूट याहून मोठी : पाच हजारांतला एकच अणू वायूत. गंधक मात्र जवळजवळ पूर्ण हजर.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या कॅल्शियमने ताऱ्यांमधल्या वायूचा पत्ता दिला, तेच या वायूतून सर्वाधिक हरवलेले आहे. त्याची ३९३४ची रेषा इतकी जोरदार आहे की पाच हजारांतला एक अणू शिल्लक असला तरी ती दिसते, म्हणून हार्टमान यांना ती मिळाली. बाकीचे ४,९९९ कोठे गेले, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडणेही शक्य नव्हते.

उत्तराची वाट १९७४ मध्ये जॉर्ज फील्ड यांनी दाखवली. प्रत्येक मूलद्रव्याची तूट आणि तप्त वायू निवत असताना ते मूलद्रव्य कोणत्या तापमानाला घन होते, यांची त्यांनी सांगड घातली. कॅल्शियम, अॅल्युमिनियम, टायटेनियम सर्वांत आधी, सुमारे १५०० केल्विनच्या वरच घन होतात. लोह १३००च्या आसपास. गंधक ७००च्या खाली. तुटीचा क्रमही ढोबळमानाने हाच निघाला. जे लवकर घन होते ते वायूतून जास्त नाहीसे झाले आहे. म्हणजे ते नष्ट झालेले नसून धुळीच्या कणांत बसले आहे. वृद्ध ताऱ्यांतून बाहेर पडणारा वायू निवताना हे कण बनतात आणि पुढे थंड ढगांत त्यांच्यावर आणखी अणू चिकटतात.

शिक्षकांनी येथे थांबून वर्गात विचारावे : हा निष्कर्ष आपण का मानावा? त्या भागात लोह मुळातच कमी असेल तर? याला उत्तर देणारा साक्षीदार क्रिप्टॉन. हा निष्क्रिय वायू सहसा कोणाशी संयोग करत नाही आणि धुळीलाही चिकटत नाही. त्याची १२३६ अँगस्ट्रॉमची अगदी दुबळी रेषा हबलने पकडली. कार्डेली आणि मेयर यांनी १९९७ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या दिशांना हायड्रोजनच्या मानाने क्रिप्टॉनचे प्रमाण जवळजवळ सारखेच आहे. वायू चांगला घुसळला गेलेला आहे. मग लोहाचे प्रमाण दिशेदिशेला इतके बदलते ते धुळीमुळेच. दुसरा पुरावा अवरक्त प्रकाशातून मिळतो : १० मायक्रोमीटरच्या आसपास सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या खनिजांची, म्हणजे खडकांतल्यासारख्या द्रव्याची, खूण सापडते. वायूतून जे नाहीसे झाले तेच येथे घनरूपात दिसते.

तूट सगळीकडे सारखी नाही, यातही अर्थ आहे. झीटाच्या वाटेवरील उबदार ढगात लोहाचा ढोबळमानाने विसावा हिस्सा वायूत आहे. आकाशगंगेच्या चकतीपासून दूर, वर उडालेल्या ढगांत चौथा हिस्सा. सॅव्हेज आणि सेंबाख यांनी १९९६ मध्ये हे आकडे एकत्र मांडले. अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेले धक्के ढगांवर आदळले की धुळीचे कण खरवडले जातात आणि लोह वायूत परत येते. पण तेथेही पूर्ण येत नाही, म्हणजे कणांचा गाभा टिकून राहतो. धूळ एकदाच बनून तशीच राहते असे नाही. ती बनते, झिजते आणि पुन्हा वाढते. सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या बारकाईवाचून हे कळले नसते, कारण दोन ढगांच्या रेषा एकमेकींत मिसळल्या की त्यांची सरासरी निघते, आणि त्या सरासरीएवढे लोह दोन्हींपैकी एकाही ढगात नसते.

ब्रह्महृदयाच्या वाटेवर

हा हिशेब थेट विश्वाच्या आरंभापर्यंत कसा जातो, ते आता पाहू. ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत तो तयार झाला. त्यानंतर ताऱ्यांनी तो जाळण्याचेच काम केले. आरंभी किती ड्युटेरियम उरले हे त्या वेळी साधे द्रव्य किती दाट होते यावर अवलंबून असल्याने त्याचे प्रमाण कळले की विश्वातील साध्या द्रव्याचा अंदाज येतो.

हायड्रोजनची रेषा १२१५.६७ अँगस्ट्रॉमवर, ड्युटेरियमची १२१५.३४वर. दोन्हींत अंतर फक्त ०.३३ अँगस्ट्रॉम, आणि हायड्रोजनची रेषा एवढी रुंद व काळी की दूरच्या ताऱ्यांच्या वर्णपटात ती शेजारच्या रेषेला गिळूनच टाकते. म्हणून जवळचा तारा हवा. उत्तर आकाशात चमकणारा ब्रह्महृदय ४३ प्रकाशवर्षांवर आहे. जेफ्री लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी हबलने त्याचा वर्णपट घेतला. दर दहा लाख हायड्रोजनमागे ड्युटेरियमचे सुमारे १६ अणू निघाले. त्याच वर्णपटातून आपण ज्या ढगात आहोत त्याचे तापमानही मिळाले. हायड्रोजनसारखे हलके अणू उष्णतेने जास्त धावतात, लोहासारखे जड अणू कमी, म्हणून दोन्हींच्या रेषांच्या रुंदीतील फरकातून तापमान काढता येते. ते सुमारे ७००० अंश आहे. पण घन सेंटिमीटरमध्ये एक अणूही पुरता भरत नाही, त्यामुळे या उष्णतेने काही भाजत नाही.

पुढे फ्यूज उपग्रहाने आणखी दूरचे तारे पाहिले तेव्हा गोंधळ झाला. काही दिशांना हा आकडा दहापेक्षाही कमी, तर काही दिशांना वीसहून अधिक. एकाच आरंभातून आलेले ड्युटेरियम असे कमीजास्त कसे? मायकेल जुरा यांनी १९८२ मध्येच एक शक्यता सुचवली होती : ड्युटेरियमही धुळीला चिकटत असेल. २००६ मध्ये लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी आकडे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा जेथे लोह आणि सिलिकॉनची तूट मोठी तेथे ड्युटेरियमही कमी असल्याचे दिसले. अतिदूरच्या क्वेसारांच्या प्रकाशातून आरंभीचे प्रमाण दहा लाखांमागे सुमारे २५ येते. धुळीत दडलेले ड्युटेरियम हिशेबात धरले की आपल्या परिसरातील आकडाही त्याच्या जवळ सरकतो. धुळीतली तूट न जमवता मांडलेला विश्वारंभाचा हिशेबसुद्धा चुकला असता.

हे काम पुढे कसे चालेल?

वर्णपटावर काम करणाऱ्या आम्हांला या विषयात एक काळजी लागून राहिली आहे. ताऱ्यांमधल्या वायूसाठी लागणारी अतिनील बारकाई आज प्रामुख्याने हबलवरच्या स्टिसकडे आहे. २००४ मध्ये हे उपकरण बंद पडले होते. मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी हबलपर्यंत जाऊन ते दुरुस्त केले. त्यानंतर हबलकडे कोणी गेलेले नाही. जून २०२४ पासून हबल तिला स्थिर ठेवणाऱ्या एकाच गायरोवर चालवली जाते. २०२१ मध्ये सोडलेली जेम्स वेब दुर्बीण अवरक्त प्रकाशासाठी आहे, तिला अतिनील दिसत नाही. अमेरिकेत ज्या पुढच्या मोठ्या अतिनील दुर्बिणीची आखणी चालू आहे, ती २०४०च्या दशकाआधी अपेक्षित नाही. आज नववी-दहावीत असलेले विद्यार्थी तेव्हा संशोधनाच्या ऐन वयात असतील.

त्यांच्यासाठी प्रश्न पुष्कळ शिल्लक आहेत. ताऱ्यांपासून निघालेली धूळ अतिनवताऱ्यांच्या धक्क्यांत ज्या वेगाने झिजते तो पाहता ढगांत इतके लोह धुळीतच कसे राहते? थंड ढगांत ती पुन्हा किती लवकर वाढते? हे प्रश्न दूरचे वाटले तरी आपल्याशी जोडलेले आहेत. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका ढगातून सूर्यमाला घडली. पृथ्वीच्या गाभ्यातील, लोखंडी खिळ्यातील आणि आपल्या रक्तातील लोह त्या ढगात होते, आणि आज आपण मोजतो तशा ढगांप्रमाणे तेही बहुतांशी धुळीच्या कणांत होते. ताऱ्याच्या प्रकाशात लोहाची रेषा अपेक्षेहून फिकी दिसते तेव्हा पुढे कधी तरी एखादा खडकाळ ग्रह घडवू शकेल असे द्रव्य तेथे साठत असते.